तुझ्या गाडीचा मागचा टायर घासतोय

प्रिय बाळ्या,

तुझ्या दोन मेसेजना उत्तर दिलं नाही, त्याबद्दल भेटल्यावर काय बोलायचं ते बोल. घरी सगळं ठीक, आईचं बीपी गोळीवर नीट आहे, माझी पाठही बरी आहे. लिहितोय ते तुझ्या गाडीबद्दल. कागदोपत्री माझी झाली असली तरी तिच्या फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, हात लावायचा तर तुला विचारल्याशिवाय मी लावणार नाही.

मागचा उजवा टायर घासतोय. एकटा चालवतो तेव्हा काहीच नाही. परवा मागे ताई, भाऊजी आणि जाड्या असे तिघं बसले आणि दर गतिरोधकावर तो आवाज, रबर पत्र्याला खरवडल्याचा. भाऊजी म्हणाले सायलेन्सर लागतोय. जाड्या म्हणाला, मी उतरतो, बघ थांबतो का. तो उतरला आणि आवाज खरंच थांबला! ताई अजून हसतेय.

घरी येऊन चाक काढलं. फेंडरच्या आतल्या कडेचा रंग बोटभर उडालाय, पत्रा घासून चकचकीत झालाय. टायरच्या बाहेरच्या खांद्यावर गोल चर पडलीय, नख फिरवलं की अडकतं. पुढचा टायर पूर्ण वळवल्यावर प्लास्टिकच्या लायनरला लागतो, त्याचं मला काही वाटत नाही. लायनर गरम करून मागे दाबला की भागतं. इथे पत्र्याची धार आहे. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, कापली गेली तर पंक्चरवाला हात लावत नाही, टायर टाकूनच द्यायचा. आणि ती फाटणार ती गाडी भरलेली असताना, वेगात असताना, कारण घासते तेव्हाच. ताई नेमकी त्याच बाजूला बसली होती. दोन रात्री तेच डोक्यात आहे.

मग वही घेऊन बसलो. मूळ चाक साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ४५, म्हणजे गाडीला बोल्ट होते ती बाजू रिमच्या मध्यापासून ४५ मिलिमीटर बाहेर; हा आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर येतं. तुझी लाडकी अठरा इंची चाकं ८ इंच रुंद, ऑफसेट ३५. रुंदीमुळे दोन्ही बाजूंना १९ मिलिमीटर वाढले आणि ऑफसेटमुळे सगळं चाक १० ने बाहेर आलं. म्हणजे रिमची बाहेरची कड २९ मिलिमीटर बाहेर, आतली फक्त ९ आत. शिवाय २२५/४५ टायरची (२२५ मिलिमीटर रुंद, साइडवॉल त्याच्या ४५ टक्के) उंची भरते ६६०, मूळ २०५/५५ आर १६ ची होती ६३२. स्पेसरच्या चकत्या लावून चाकं अजून बाहेर काढायची तुझी कल्पना आता कायमची सोड.

आखूड स्प्रिंग लावून गाडी खाली केली म्हणून घासते असं लंबूपासून सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. स्प्रिंग कितीही आखूड असो, चाक वर कुठवर जाणार ते बम्प स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन शेवटी ज्यावर टेकतं तो ठोकळा, ठरवतो, आणि तो तू अर्धा कापलास. त्या दिवशी आपण गॅरेजच्या दारात केवढे भांडलो होतो! ४० मिलिमीटर खाली आल्यावर पूर्ण बम्प स्टॉप ठेवला तर गाडी सारखी त्याच्यावरच आदळेल, हे तुझं म्हणणं मी तेव्हाही मानलं होतं. पण कापल्यामुळे चाकाला वर जायला जी जागा मिळाली, तिथेच ही कड आहे. स्प्रिंग काढून, जॅकने चाक हळूहळू वर नेत स्वतः पाहिलं. बम्प स्टॉपला टेकायला १५ मिलिमीटर बाकी असतानाच टायर कडेला लागतो. डावीकडे जेमतेम निसटतो. दोन्ही बाजू कुठल्याच गाडीच्या तंतोतंत सारख्या नसतात.

लंबू म्हणतो ग्राइंडरने कड उडव. त्याला मी हात लावू देणार नाही. मागच्या कमानीला बाहेरचा आणि आतला पत्रा त्या कडेलाच वेल्ड केलेला असतो. ती कापली की जोड उघडा पडला, पाणी शिरलं, गंज आलाच. डेंटर म्हणतो कड आत दुमडू: चाक काढून त्या जागी हबला रोलर बसवायचा, हीट गनने रंग गरम ठेवायचा, थोडं थोडं दाबत न्यायचं. पद्धत योग्य आहे. पण रंग कारखान्यातला आहे रे, तू इतकी वर्षं एक चरा येऊ दिला नाहीस, आणि जुना रंग गरम करूनही तडकू शकतो. ते माझ्याच्याने बघवणार नाही.

मला करायचंय ते असं. चारही टायर २२५/४० घ्यायचे. उंची ६३७, म्हणजे वरच्या अंगाला ११ मिलिमीटर सुटले, आणि मूळ मापाच्या जवळ आल्यामुळे वेगाचा काटाही बरोबर दाखवेल. सध्या काट्यावर १०० असताना गाडी त्याहून चारेक टक्के जास्त पळते. उरलेल्यासाठी बम्प स्टॉपखाली १० मिलिमीटरचा पॅकर, म्हणजे जाडी भरून काढणारी चकती. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ९२ चा टायर मिळतो, मूळ ९१ होता, तेव्हा वजनाची काळजी नाही. साइडवॉल मात्र १०१ वरून ९० वर येते, खड्ड्यात रिमला मार बसायची भीती वाढते. हवा दर आठवड्याला बघेन, शब्द देतो. तोवर मागे कोणालाही बसवत नाही.

तुझी नाइट शिफ्ट संपली का? वहिनींची परीक्षा कशी गेली? पिल्लू चालायला लागलं म्हणे, व्हिडिओ पाठव, ताईला बघायचाय.

दुमडलेलंच बरं असं तुला वाटत असेल तर तेही मोकळेपणाने सांग, गाडी तुझ्या हाताची आहे. फक्त शुक्रवारच्या आत सांग, टायरवाल्याला तोवर थांबवून ठेवलंय. आणि कापलेले बम्प स्टॉपचे तुकडे तू ठेवले असशील तर त्यांची जाडी मोजून कळव, पॅकर त्या हिशोबाने करून घेतो.

तुझा,
नाना