वाद वगळून शिकवलेलं अर्थशास्त्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचे अभ्यासक्रम पुन्हा बांधले जात आहेत. अर्थशास्त्राला श्रेयांक किती, पेपर किती यावर बैठका झडतात. वर्गात नेमकं काय शिकवायचं यावर फारसं कोणी बोलत नाही. ग्रामीण महाविद्यालयात एकतीस वर्षं हा विषय शिकवून निवृत्त झालो आहे, तेव्हा आता मोकळेपणाने लिहायला हरकत नाही.

किमान वेतनाचा तास होता. फळ्यावर नेहमीची आकृती: मागणी वक्र उतरता, पुरवठा वक्र चढता, सरकारने मजुरी समतोलाच्या वर नेली की मधल्या फटीत बेकारी. 'इतर परिस्थिती स्थिर असताना' हे पालुपद म्हणून झालं. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, बहात्तरच्या दुष्काळात आमची आजी पाझर तलावाच्या कामावर होती. तिथं सुकडी मिळायची. रोजगार हमीचं काम निघालं तसं गावातल्या मालकांनाही मजुरी वाढवावी लागली, असं ती सांगती. तिचं काम काही गेलं नाही." यावर एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा उसळला, "आणि आमच्याकडं छाटणीला माणूस मिळंना, त्याचं काय?" वर्ग खडबडून जागा झाला. मी काय केलं? घंटा व्हायला पाच मिनिटं उरली होती. "परीक्षेला आकृती पेन्सिलने काढा," एवढं सांगून बाहेर पडलो.

त्या पोरीची शंका अडाणी नव्हती. अमेरिकेत न्यू जर्सीने १९९२ साली किमान वेतन वाढवलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने नाही. डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडची फास्टफूडची दुकानं तपासली, तर न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसेना. १९९४ च्या या शोधनिबंधावर इतर अर्थतज्ज्ञ तुटून पडले, वाद वर्षानुवर्षं चालला, आणि २०२१ साली कार्ड यांना नोबेल मिळालं. आमच्या पाठ्यपुस्तकात तो निबंधही नव्हता आणि त्यावरचा वादही नव्हता.

न्यू जर्सी लांब राहिलं. रोजगार हमी योजना आपल्या राज्याची, कायदा १९७७ चा. तिच्यासाठी पैसा उभा करायला १९७५ साली व्यवसाय कर आला. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तोच हा कर. आमच्या स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राच्याच लोकांना याचा उगम ठाऊक नव्हता. मलाही बऱ्याच उशिरा कळला.

अभ्यासक्रमात भारतीय विचारवंत नाहीत, अशी माझी तक्रार नाही. आहेत की! 'आर्थिक विचारांचा इतिहास' या पेपरात रानडे, नौरोजी, आंबेडकर ओळीने भेटतात, प्रत्येकाचं 'योगदान स्पष्ट करा'. हार घातलेल्या तसबिरी जणू. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्सने रुपयासाठी सुवर्ण विनिमय पद्धतीची (म्हणजे रुपया थेट सोन्यात नव्हे, तर सोन्याशी बांधलेल्या परकीय चलनात बदलून मिळण्याची) बाजू घेतली होती आणि डॉ. आंबेडकरांनी १९२३ च्या आपल्या ग्रंथात ती पद्धत खोडून काढली. पण केन्स स्थूल अर्थशास्त्रात आणि बाबासाहेब विचारांच्या इतिहासात. दोघांची गाठ आम्ही कधी पडूच दिली नाही.

अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि पोषणाचे अभ्यासक सुखात्मे यांचंही तेच. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्याचा अभ्यास मांडला, त्यात दरडोई रोजचे २२५० उष्मांक हा निकष होता. पां. वा. सुखात्म्यांनी त्यालाच हात घातला: माणसाची गरज रोज सारखी नसते, सरासरीखालचा प्रत्येक जण उपाशी धरू नका. स्वच्छ पाण्यावर त्यांचा भर होता, कारण पोटात गेलेलं अन्न अंगी लागायला हवं. गरीब मोजायचे कसे, यावर पुण्यातल्या या दोन मोठ्या माणसांत वाजलं. विद्यार्थ्याच्या हाती लागते ती फक्त दारिद्र्यरेषेची व्याख्या, दोन गुणांची.

याचा अर्थ डावे धडे घाला असा कोणी काढू नये. शेतकऱ्याच्या बाजूने खुला बाजार मागणारे शरद जोशीही मला त्याच वर्गात हवे आहेत. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी २००० साली एकसुरी अर्थशास्त्राविरुद्ध जाहीर पत्रक काढलं, हार्वर्डची मुलं २०११ मध्ये तास सोडून बाहेर पडली. आमच्या मुलांना तास सोडून चालत नाही, हजेरी भरावी लागते.

खरी गोम परीक्षेत आहे. एकदा उत्तरपत्रिका तपासताना एका उमेदवाराने आकृती काढून खाली लिहिलेलं सापडलं: 'आमच्या गावात मजुरी पाऊस पडल्यावर ठरते, म्हणून ही रेषा दर महिन्याला हलवावी लागेल.' नमुना उत्तरात असलं काही नव्हतं. आकृतीला होते तेवढे गुण दिले, त्या वाक्याला शून्य. दिवसाला ठरावीक गठ्ठा संपवायचा होता. तासिका तत्त्वावरच्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना तर नमुना उत्तराबाहेर जाण्याची सोयच नाही; पुढच्या वर्षीची ऑर्डर कोण देणार?

म्हणून मागणी एवढीच: प्रत्येक पेपरात दहा गुणांचा एक अनिवार्य प्रश्न असा असावा की, एकाच प्रश्नावरची दोन विरोधी मतं छापलेली असतील आणि विद्यार्थ्याने एक बाजू घेऊन ती लढवायची. नमुना उत्तरात बाजू ठरलेली नसावी, युक्तिवादाला गुण असावेत. तपासायला वेळ जास्त लागेल, मोबदलाही त्या हिशेबाने द्यावा लागेल.

एखाद्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत कोणी हा विषय मांडणार असेल, तर दांडेकर-सुखात्मे वादाच्या लेखांच्या झेरॉक्स माझ्याकडे नीट फाइल करून ठेवल्या आहेत. आपल्यामार्फत कळवल्यास पाठवीन, टपालखर्च माझा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक (अर्थशास्त्र), बार्शी