ताई, त्या दोन बाइट्ससाठी

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानू लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

आमचं यंत्र गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर बसतं. पहाटे सचिव बटण दाबतात आणि लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होईपर्यंत पडदा काळाच असतो. यंत्र बंद पडलं असं वाटून ते वीज घालवून पुन्हा चालू करतात आणि नेमकं त्याच वेळी फ्लॅशवर, म्हणजे कायमच्या साठवणीच्या चिपवर, काही लिहिलं जात असेल, तर फाइलसिस्टीमच, म्हणजे तिथल्या फाइल्सची मांडणीच, बिघडते. म्हणून लिनक्सच्याही आधी चालणाऱ्या बूटलोडर प्रोग्रॅममध्येच, म्हणजे यू-बूटमध्ये, एक चित्र दाखवायचं ठरलं. चित्र चढवलं, त्याचा मेमरीतला पत्ता यू-बूटच्या ‘स्प्लॅशइमेज’ या सेटिंगमध्ये सेव्ह केला आणि बोर्ड जो रीसेट होऊ लागला तो थांबेचना. तीन दिवस मी एलसीडीचं टायमिंग, रिबन केबल, बॅकलाइट यांच्यामागे लागलो होतो.

चौथ्या रात्री साडेदहाला तुम्हाला फोन केला. तुम्ही एवढंच म्हणालात, “सिरियल केबलवर काय येतंय ते जसंच्या तसं वाच.” मी वाचलं: ‘डेटा ॲबॉर्ट’. “मग पडद्याला कशाला दोष देतोस? प्रोसेसर मेमरी वाचतानाच पडतोय. कागद घे.”

तो कागद मी अजून जपून ठेवलाय. आमच्या चित्राच्या बीएमपी फाइलच्या सुरुवातीला ‘बी’ आणि ‘एम’ ही दोन अक्षरं, म्हणजे दोन बाइट. त्यामुळे फाइलचा आकार, चित्राची रुंदी, उंची हे चार-चार बाइटचे आकडे फाइलच्या सुरुवातीपासून मोजलं तर २, १८, २२ अशा जागांवर येतात. चारने भाग जाणाऱ्या पत्त्यावर फाइल ठेवली, की यातल्या एकाही पत्त्याला चारने भाग जात नाही आणि आमच्या जुन्या एआरएम प्रोसेसरला असं वाचन चालत नाही. “पत्त्याच्या शेवटी शून्याऐवजी दोन कर,” तुम्ही म्हणालात. फाइल दोन बाइट पुढे सरकवली की आतले सगळे आकडे आपोआप जागेवर बसतात! इतकं सरळ उत्तर मी आयुष्यात कमी पाहिलंय.

पण बोर्ड यू-बूटच्या प्रॉम्प्टपर्यंत, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या जागेपर्यंत, पोचतच नव्हता. एसडी कार्डावरून बूट करून फ्लॅशमधलं सेव्ह केलेलं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे यू-बूटची सेटिंग्ज, पुसायला तुम्हीच लावलंत. रात्री एकच्या सुमारास चित्र आलं, मध्यभागी, स्वच्छ. तोवर तुम्ही फोन ठेवला नव्हता. नंतर प्रत्येक ठिपक्याला २४ बिटांऐवजी ८ बिट, म्हणजे २५६ रंगांचं चित्र करायलाही तुम्हीच सुचवलंत. ८०० गुणिले ४८०चं ते चित्र ११,५२,०५४ बाइट्सवरून ३,८५,०७८वर आलं आणि फ्लॅशमधून लवकर वाचलं जाऊ लागलं.

मला सगळ्यात भावलं ते तुमचं शेवटचं वाक्य. काम झालं होतं, मी फोन ठेवणार होतो आणि तुम्ही म्हणालात, “स्प्लॅशइमेज गार्ड चालू कर. उद्या दुसरा कुणी चुकीचा पत्ता टाकेल, तर तो सेव्हच होता कामा नये.” यू-बूटमध्ये अशी सोय आहे हे मला ठाऊकच नव्हतं. गेल्या आठवड्यात आमच्या नव्या मुलीने तीच चूक केली. यू-बूटने पत्ता नाकारला आणि ती कारण विचारायला माझ्याकडे आली. मी तिच्यापुढे तुमचा कागद ठेवला.

तुमचा ऋणी,
भोसरीच्या वर्कशॉपमधला जुना सहकारी