जवानाच्या बायकोचं नाव नेमकं कोणतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२६ जानेवारीला तुम्ही सैनिकांच्या गावांवर पान काढलं होतं, छान होतं. अपशिंगे मिलिटरीचं वाचून बरं वाटलं, पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावचे ४६ जण कामी आले हे आम्ही सातारकर लहानपणापासून ऐकत आलोय. पण दरवर्षी तेच, पदकं, स्मारक, छाती अभिमानाने फुलली वगैरे. साध्या हवालदाराच्या घरात काय चालतं त्यावर कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र, मोबाईलवर टाईप करतेय, चुका सांभाळून घ्या.

माझे पप्पा १९८६ ला भरती झाले आणि २०१० ला हवालदार म्हणून पेन्शन आले. लग्न १९९२ चं. वर्षाला ६० दिवसांची ॲन्युअल म्हणजे वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस सीएल म्हणजे किरकोळ रजा, म्हणजे पूर्ण मिळाली असं धरलं तरी लग्नानंतरच्या १८ वर्षांत पप्पा घरी जेमतेम साडेचार वर्षं, त्यातले जाण्यायेण्याचे हाल वेगळेच. जम्मूहून झेलम एक्सप्रेसने दोन रात्री काढून पुणे, मग स्वारगेटहून एसटी, आणि काळी ट्रंक टपावर. फॅमिली क्वार्टर मिळालं एकदाच, अडीच वर्षं, आई अजून त्या क्वार्टरच्या गिझरबद्दल सांगत असते.

तर मुद्दा असा. लग्नात आईचं नाव बदललं, ताटात तांदळावर अंगठीने लिहितात तसं. पप्पांनी सुट्टी संपवून पलटणीत गेल्यावर क्लार्कला तेच तांदळातलं नाव सांगितलं, क्लार्कने त्याला पुढे 'बाई' लावली आणि तशी पार्ट टू ऑर्डर निघाली. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फौजेत लग्न झालं, मूल झालं की त्याची नोंद पार्ट टू ऑर्डरने होते, ती झाली नाही तर सरकारच्या हिशोबी तुमचं लग्नच नाही.) इकडे बँकेचं खातं, मतदान कार्ड, नंतर आधार, हे सगळं मामाने काढून दिलं, कारण घरात पळापळ करणारं माणूसच नव्हतं, आणि मामाने अर्थात शाळेच्या दाखल्यावरचं माहेरचं नाव घातलं. वीस पंचवीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. पप्पांची पेन्शन पप्पांच्या नावावर येत होती, कशाला कोण बघतंय.

भावाचं तर अजून भारी आहे. तो जन्मला फेब्रुवारी २००२ ला. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि सगळी फौज बॉर्डरला लागली, ऑपरेशन पराक्रम, दहा महिने चाललं. पप्पांची सुट्टी कॅन्सल, राजस्थानात तंबूत. त्यांनी पत्रातून मुलाचं नाव कळवलं पण ते पत्र बारशानंतर दहा दिवसांनी आलं, तोवर आत्याने दुसरंच नाव ठेवून मोकळी. ग्रामपंचायतीत आत्याचं नाव लागलं, पलटणीत पप्पांचं.

तीन वर्षांपूर्वी पप्पा अटॅकने गेले. फॅमिली पेन्शनसाठी कागद दिले तर उत्तर आलं की पीपीओवरची (म्हणजे पेन्शनच्या आदेशाच्या कागदावरची) बाई आणि आधारवरची बाई वेगळी आहे. मग सुरू झालं. ॲफिडेव्हिट, सरपंचांचा दाखला, तहसीलचा दाखला, राजपत्रात नाव, परत 'स्पर्श' या फौजेच्या पेन्शनच्या वेबसाइटवर अपलोड, परत ऑब्जेक्शन. एका ऑफिसात साहेबांनी आईलाच विचारलं, 'मग तुम्ही नक्की कोण?' ऑफिसचं नाव लिहीत नाही, त्यांच्यासमोर जे कागद होते त्यावरून ते बोलले, पण आई तिथून निघाल्यावर गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. अकरा महिने गेले. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका माजी सुभेदारांनी फॉर्म नीट भरून दिले म्हणून नाहीतर अजून फिरत असतो. फॅमिली पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या साधारण ३० टक्के, सुरुवातीला काही वर्षं जास्त, त्यावर घर चालतं हो.

पुरावा शोधायला ट्रंक उघडली. झाकणावर पांढऱ्या ऑइल पेंटने पप्पांचा नंबर, नाव, आणि 'नायक' खोडून 'हवालदार' केलेलं. आत डांबरगोळ्या, डिस्चार्ज बुक, आणि फोर्सेस लेटरचे म्हणजे फौजी पत्रांचे गठ्ठे, ५६ एपीओ या फौजेच्या पोस्टाच्या शिक्क्याचे. वाटलं कुठल्यातरी पत्रात आईचं नाव असेल. दोन दिवस बसून मी सगळी वाचली. एकाही पत्रात नाही. सगळी पत्रं आजोबांना, 'तीर्थरूप अण्णांस' अशी, कारण पत्र चावडीसारखं सगळ्यांसमोर वाचलं जायचं, तिथे बायकोचं नाव कसं लिहिणार. शेवटी फक्त 'घरी सर्वांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद'. आई म्हणाली त्या 'सर्वांना'मध्ये मीच.

म्हणून सर्व्हिसमधल्या भावांना एकच सांगणं आहे, पुढच्या सुट्टीत देवदर्शन, शेतीचं वाटप जे काय असेल ते करा पण एक दिवस बायकोला सोबत बसवून आधार, दाखला, बँक आणि पार्ट टू ऑर्डर चारही समोर ठेवा आणि स्पेलिंगसकट बघा. जन्मतारीख पण. फरक असेल तर सर्व्हिसमध्ये असतानाच पलटणीतून दुरुस्त करून घ्या, तुम्ही आहात तोवर ते काम एका अर्जाचं आहे. जे पेन्शन आलेत त्यांनी पीपीओवर बायकोचं नाव काय छापलंय ते आजच वाचा, नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जाता तेव्हा तरी. संपादक साहेब, तुम्ही एखाद्या रविवारी यावर चौकट छापली तर स्मारकाच्या फोटोपेक्षा जास्त घरांच्या उपयोगी पडेल, राग मानू नका.

भावाचं नाव रेकॉर्डला अजून तसंच आहे. आता त्याचं त्यावाचून काही अडत नाही, म्हणून आम्ही नाद सोडला. आई कधीकधी चिडली की त्याला त्या पलटणीतल्या नावाने हाक मारते.

आपली नम्र,
एका माजी हवालदाराची मुलगी, ता. कोरेगाव, जि. सातारा