हॉकीपटू आपल्याच शेजारी राहतात

महोदय,

मार्च २०२४ मध्ये पिंपरीतील नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर महिलांची वरिष्ठ गट राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली. त्या दिवसांत एका दुपारी पिंपरीहून खडकीला परतताना बसमध्ये माझ्या शेजारी ट्रॅकसूट घातलेल्या तीन मुली उभ्या होत्या आणि त्यांच्या लांब पिशव्यांतून स्टिकची टोके बाहेर आली होती. पिशव्यांमुळे वाट अडते म्हणून दोघातिघांनी कुरकूर केली, एका गृहस्थांनी ‘क्रिकेटचे सामान का?’ असे विचारले. मुलींनी काही न बोलता पिशव्या पायांशी उभ्या धरल्या. मी त्यांना ‘कोणत्या जागेवर खेळता?’ एवढेच विचारले, तेव्हा तोवर खिडकीबाहेर पाहत असलेली त्यांच्यातली एक चटकन वळली आणि ‘राइट हाफ’ (म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे) म्हणाली. पुढे खडकी येईपर्यंत ती मला पेनल्टी कॉर्नरच्या (गोलजवळच्या नियमभंगाबद्दल प्रतिस्पर्ध्यांना मिळणाऱ्या फटक्याच्या) वेळी गोलरेषेवरून सर्वांत आधी धावत सुटणाऱ्या खेळाडूने चेंडूच्या वाटेत नेमके कसे यायचे, हे हातवारे करून समजावत होती. ती रेल्वेत नोकरीला होती. त्या स्पर्धेत महाराष्ट्राचा संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि हरियाणाकडून बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये हरला. पण आमच्या इमारतीत दुसऱ्या दिवशी मी विचारले, तर एकालाही त्याची गंधवार्ता नव्हती.

हे मला लागते, कारण मी खडकीत वाढलो. येथील शस्त्रास्त्र कारखान्याच्या वसाहतीत मातीच्या मैदानावर मोडक्या स्टिकने खेळलेले धनराज पिल्ले १९९२ पासून २००४ पर्यंत सलग चार ऑलिंपिक खेळले. ज्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, त्या एलायझा नेल्सन यांचा जन्मही पुण्याचा. ही दोन नावे निदान आमच्या पिढीला माहीत आहेत. मला लिहायचे आहे ते त्यांच्या मागच्या रांगेतल्या शेकडो खेळाडूंविषयी, जे रेल्वे, पोलीस, लष्कर किंवा बँकेच्या संघांकडून वर्षानुवर्षे खेळतात आणि बाकीच्या वेळी आपल्यासारखेच दुधाच्या आणि रेशनच्या रांगेत उभे असतात.

आमच्या मजल्यावर असे एक काका राहतात. जिना उतरताना ते आधी एक पाय खाली टेकवतात, मग कठडा धरून दुसरा आणतात. ते वयामुळे असावे, असे आम्ही सगळे अकरा वर्षे समजत होतो. गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या स्टिकची पकड सुटली, तेव्हा त्यांनी ती दारातच बसून, जुनी पट्टी सोलून, नवी इतक्या सफाईने गुंडाळून दिली की मला विचारावेच लागले. कळले ते असे की, ते आपल्या खात्याच्या संघातून सोळा वर्षे फुलबॅक, म्हणजे बचावफळीत, खेळले होते आणि त्यांचे गुडघे कडक, उन्हाने तडकलेल्या मैदानांवर झिजले होते. ‘कधी बोलला नाहीत,’ असे मी म्हणालो, तर ते म्हणाले, ‘कुणी विचारले नाही.’ त्या उत्तराने मला आजही अपराधी वाटते.

माझी मुलगी कॅनडात असते. तिकडची हॉकी बर्फावरची, तिचे नियम निराळे आणि तिच्यातला पैसाही निराळा, त्यामुळे बरोबरी करण्याचा हेतू नाही. परंतु तिथली एक प्रथा मला मनापासून आवडली. १८९३ पासून दिल्या जाणाऱ्या स्टॅन्ली चषकावर विजेत्या खेळाडूंची नावे कोरली जातातच, शिवाय संघातल्या प्रत्येकाला सुट्टीच्या काळात एक दिवस तो चषक स्वतःजवळ ठेवायला मिळतो आणि पुष्कळ जण तो आपल्या गावी घेऊन जातात. चषकाची राखण करणारा माणूस सोबत असतो. खेळाडू मात्र ज्या गल्लीत लहानाचा मोठा झाला, तिथल्या शेजाऱ्यांच्या, शिक्षकांच्या आणि मुलांच्या हाताला तो चषक लागू देतो. आपल्याकडे खेळाडूची भेट होते ती बहुधा व्यासपीठावर, शाल आणि श्रीफळ घेताना, आणि तिथे खेळाबद्दल सोडून सगळ्या गोष्टी बोलल्या जातात. एरवी त्याला विचारायचे प्रश्नही ठरलेले असतात: ‘खेळाडू कोट्यातून नोकरी लागली का?’ आणि ‘एक फोटो काढू या का?’ हरलेला सामना खेळून, घामाने भिजलेल्या अवस्थेत बसथांब्यावर उभ्या असलेल्या मुलीला हा फोटोचा प्रश्न विचारू नये, असे मला कळकळीने वाटते.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, नेहरूनगरला किंवा बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात हॉकीची स्पर्धा असेल, तेव्हा निकालाच्या दोन ओळींवर थांबू नये. आदल्या दिवशी महाराष्ट्राच्या संघातील सर्व खेळाडूंची नावे, त्यांची मैदानावरील जागा, त्यांचे गाव किंवा पेठ, त्यांचे छायाचित्र आणि सामन्याची वेळ एवढे तरी छापावे. राइट हाफ म्हणून खेळणाऱ्या त्या मुलीचे नाव विचारायचे मी विसरलो. नंतर चार दिवस वर्तमानपत्रांतून शोधले, पण संघाची यादी कुठेच मिळाली नाही.

आपला,
एक जुना वाचक, खडकी, पुणे