एक दौरा, तीन सांगाडे

संपादक महोदय,

रॉक बँडच्या जगदौऱ्यांच्या बातम्या बहुधा तिकिटांच्या दरापाशीच थांबतात. आयर्लंडच्या 'यू-टू'ने 2009 ते 2011 या काळात 110 कार्यक्रमांचा जो दौरा केला, त्यातील सुमारे 50 मीटर उंचीचा चार पायांचा पोलादी रंगमंच उभारायलाच काही दिवस लागत असल्यामुळे असे तीन सांगाडे बनवावे लागले. एकावर वादन रंगलेले असताना दुसरा पुढच्या शहरात उभा राहत असे आणि तिसरा उतरवला जात असे किंवा वाटेत असे. 2010 मध्ये गायक बोनो यांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि उत्तर अमेरिकेतील कार्यक्रम वर्षभर लांबले, तेव्हा हा सगळा पसारा सांभाळणे सोपे नसणार. सत्तर लाखांहून अधिक श्रोते लाभले म्हणून, एरवी हा हत्ती पोसणे कोणाला झेपले असते? याच बँडचा डिसेंबर 2019 मधील कार्यक्रम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये झाला होता. आपल्याकडे अशा कार्यक्रमांना परवानगी देताना प्रेक्षकांच्या गर्दीइतकाच सामानाच्या ट्रकांचा मार्ग, त्यांची वेळ आणि मैदानावर पडणारा भार यांचाही तपशील आधीच जाहीर केला जावा.

– एक वाचक, नवी मुंबई