‘भरून पावलो’ लिहून दिलं, पैसे आले ४९ दिवसांनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्याकडच्या खरेदीखतात एक ठरलेलं वाक्य असतं. ‘मोबदल्याची संपूर्ण रक्कम लिहून देणार यांना मिळाली, ते भरून पावले, त्याबाबत त्यांची काही एक तक्रार राहिलेली नाही.’ २१ ऑगस्टला दुय्यम निबंधक कार्यालयात मी या वाक्याखाली सही केली, अंगठा टेकवला, कॅमेऱ्यासमोर बसून फोटो काढून घेतला. त्या दिवशी ६४ लाखांपैकी ५० लाख मला मिळालेले नव्हते. ते खात्यात आले ९ ऑक्टोबरला.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचा आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता, इमारतीला लिफ्ट नाही. पत्नीचे गुडघे बोलायला लागले तेव्हा तो विकून लिफ्टवाल्या इमारतीत जायचं ठरवलं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं. तरुण जोडपं, दोघंही नोकरीला, स्वतःचे १४ लाख आणि बाकीचे ५० लाख बँकेचं गृहकर्ज. त्या मुलाबद्दल माझी आजही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

बँकेचा नियम असा की आधी नोंदणी, मग पैसे. नोंदणीच्या दिवशी बँकेचा माणूस पे-ऑर्डर, म्हणजे माझ्या नावाचा बँकेचाच चेक, घेऊन आला, मला लांबूनच दाखवली, तिची झेरॉक्स दस्ताला जोडली, नंबर आणि तारीख दस्तात लिहिली आणि मूळ पे-ऑर्डर परत बॅगेत ठेवली. ‘इंडेक्स टू (नोंदणीचा सरकारी उतारा) आणि मूळ दस्त आमच्याकडे जमा झाला की दोन दिवसांत हातात.’ सगळे असंच करतात, असं एजंट म्हणाला. वकीलही म्हणाले. सगळे तसंच करतात हे खरंच आहे, मी नंतर चौकशी केली.

दोन दिवसांनी दस्त जमा झाला. त्यानंतर बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांना आठवलं की १९९१ मध्ये मी बिल्डरकडून घर घेतलं त्या कराराची मूळ नोंदणी पावती फायलीत नाही. करार आहे, त्यावर नोंदणीचे शिक्के आहेत, पावती नाही. सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, देताना हीच फाईल त्यांच्याच टेबलावर तीन आठवडे होती. पे-ऑर्डर शाखेत परत गेली. मग सोसायटीचं ना-हरकत पत्र बँकेच्या नमुन्यात नाही असं निघालं. नवीन नमुन्यावर सही हवी, तर सेक्रेटरी गणपतीला कोकणात. ते परतले तेव्हा कर्जाचं काम बघणारे साहेब बदलून गेलेले. नव्या साहेबांनी फाईल पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

मधल्या काळात त्या मुलाचा फोन आला होता, ‘काका, यंदा गणपती नव्या घरात बसवायचा आहे. किल्ली देता का?’ दिली. ही माझी चूक. सरकारी नोकरीत आयुष्यभर लोकांना ‘पावतीशिवाय काही देऊ नका’ असं सांगत आलेला माणूस मी. पण गणपतीचं नाव घेतल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती बसला, आम्ही प्रसादालाही गेलो. आमच्याच जुन्या हॉलमध्ये पाहुणे म्हणून बसलो होतो आणि मनात पन्नास लाखांचा हिशेब चालू होता.

या व्यवहारात बाकी कुणाचे पैसे अडले ते बघा. मुद्रांक शुल्क सात टक्क्यांनी ४ लाख ४८ हजार, ते भरल्याशिवाय दस्ताला कुणी हात लावत नाही. नोंदणी फी ३० हजार, तीही आधी. सोसायटीचं हस्तांतरण शुल्क २५ हजार आधी. किंमत ५० लाखांच्या वर, म्हणून १ टक्का टीडीएस, म्हणजे ६४ हजार; त्याचं चलन दाखवल्याशिवाय बँक पुढे सरकत नव्हती. म्हणजे जे पैसे मला मिळालेच नव्हते त्यांच्यावरचा करही सरकारजमा झाला होता. एजंटाने आपली दलाली त्याच संध्याकाळी नेली. उरलो मी, ज्याचं घर गेलं तो.

शाखेत चौकशीला गेलो तर उत्तर ठरलेलं, ‘आमचे ग्राहक ते आहेत, तुम्ही नाही. कर्ज खात्याची माहिती तुम्हाला देता येणार नाही.’ नियमाला धरून असेल, पण मी कुणाचा कोण? घर दिलेला माणूस बँकेच्या लेखी तिऱ्हाईत, आणि रेराच्या लेखीही. तो कायदा बिल्डरसाठी, दोन सामान्य माणसांमधल्या जुन्या घराच्या व्यवहारासाठी नाही.

एका ओळखीच्या वकिलांनी १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा उघडून दाखवला. कलम ५५ म्हणतं की मालकी गेली आणि पैसे राहिले, तर त्या रकमेपुरता विकणाऱ्याचा बोजा मालमत्तेवर राहतो, आणि ताबा दिल्या दिवसापासून व्याजही मागता येतं. ऐकायला छान. पण मी तर ‘भरून पावलो’ असं नोंदणीकृत दस्तात लिहून दिलेलं! शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या एका जमिनीच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे की किमतीचा काही भाग मिळाला नाही म्हणून नोंदवलेलं खरेदीखत रद्द होत नाही. पैशासाठी वेगळा दावा लावायचा. त्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत मी आहे की नाही, हा प्रश्न वेगळा.

नव्या घराच्या मालकांना मी मुदत दिली होती. ती पाळायला मुदतठेव मोडली, मेहुण्याकडून आठ लाख उसने घेतले. पन्नास लाखांचं ४९ दिवसांचं व्याज सहा टक्क्यांनी धरलं तरी चाळीस हजारांवर जातं. पण खरा धक्का पुढे होता. पितृपक्षात तो मुलगा आपल्या कर्जखात्याचा उतारा घेऊन आला. बँकेने त्याच्याकडून २१ ऑगस्टपासून, म्हणजे पे-ऑर्डरवरच्या तारखेपासून, व्याज आकारायला सुरुवात केली होती! पैसे बँकेतच, घर त्याच्या नावावर, व्याज त्याच्या माथी, आणि मी रिकामा. ५० लाख एकाच वेळी कर्ज म्हणून दिलेलेही होते आणि न दिलेलेही.

हे नवं नाही. रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात नेमकं हेच पकडलं होतं. चेकवरच्या तारखेपासून व्याज लावलं जातं आणि चेक मात्र बऱ्याच दिवसांनी हाती पडतो, हे बरोबर नाही. जादा घेतलेलं व्याज परत करावं, चेकऐवजी खात्यात थेट पैसे द्यावेत, असं त्यात म्हटलं आहे. ते परिपत्रक छापून त्या मुलाने अर्जाला जोडलं. त्याचं व्याज परत आलं, आणि योगायोग म्हणावा तर त्याच आठवड्यात माझेही पैसे आले. १९९१ ची पावती मात्र शेवटपर्यंत कुणाला सापडली नाही. एका प्रतिज्ञापत्रावर काम भागलं, जे २३ ऑगस्टलाही भागलं असतं.

आता सूचना. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत करावीत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५ हजार रुपये द्यावेत, असा नियम रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून लागू केलाच आहे. मग नोंदणी झाल्यावर विकणाऱ्याचे पैसे किती दिवसांत द्यायचे, हे का ठरू नये? वकिलांना काय हवं ते त्यांनी नोंदणीआधी मागावं. नोंदणी झाल्यावर नवी शंका काढायची असेल तर तिचा खर्च बँकेने सोसावा.

आणि खरं तर थांबायची गरजच काय? एका बँकेतून दुसऱ्या बँकेत मोठी रक्कम लगेच पाठवण्याची सोय, आरटीजीएस, डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते. निबंधकासमोर पैसे दिले-घेतले तर त्याची नोंद दस्तावर करण्याची तरतूद १९०८ च्या नोंदणी कायद्यातच आहे. अंगठा, फोटो आणि खात्यावर पैसे जमा झाल्याचा मेसेज, तिन्ही एकाच टेबलावर होऊ शकतं. नोंदणी विभागाने मनावर घेतलं तर निदान कर्जाच्या व्यवहारांत ‘भरून पावले’ या वाक्याच्या जागी ‘रक्कम खात्यावर जमा झाल्यावरच ताबा देण्यात येईल’ असं छापील वाक्य येऊ शकतं.

आमच्या जुन्या इमारतीतल्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचं खरेदीखत पुढच्या आठवड्यात आहे. त्यांनी मसुदा मला वाचायला दिला. तेच वाक्य, तशीच पे-ऑर्डरच्या झेरॉक्सची ओळ. मी पेन्सिलीने खूण करून दिली. काल त्यांचा फोन आला, बँकेचे वकील म्हणतात, हे वाक्य काढलं तर कर्ज मंजूर होणार नाही.

आपला,
सिंहगड रस्ता, पुणे येथील एक वाचक