वहीत फक्त तारीख

संपादक, सप्रेम नमस्कार,

मुलांच्या ताणाबद्दल पेपरात हल्ली बरंच येतं, बरंय, पण 'पॉझिटिव्ह राहा', 'हेही दिवस जातील' असलं वाचलं की माझी चिडचिड होते. मी बरीच वर्षं शिकवतेय. एका मुलाचे वडील गेले आणि नंतर महिनाभर त्याच्या वहीत रोज फक्त तारीख, कोपऱ्यात पट्टीने नीट अंडरलाइन केलेली, खाली कोरं पान. मीपण तेच केलं, धीर धर, आईकडे बघ, आता तू मोठा आहेस वगैरे, तो मान हलवायचा नि दुसऱ्या दिवशी परत तारीख. शेवटी एकदा (खरं सांगायचं तर बोलून दमले म्हणून) गप शेजारी बसले, म्हटलं आज एकच गणित करू, बाकीचं राहू दे. ते पण अर्धंच झालं. पण दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, मॅडम कालचं राहिलंय.

चार्ल्स स्नायडर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी होप म्हणजे नुसतं 'होईल सगळं बरं' असं मानलं नाही, कुठे जायचंय, त्याची वाट आणि आपण चालू शकतो हा विश्वास, असं तिन्ही लागतं म्हणे. ते खूप नंतर वाचलं, तेव्हा ते अर्धं गणित आठवलं. तसंच हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक दशकं मागोवा घेतला, त्यातल्या अगदी बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश छान उभी राहिली आणि त्यांच्या आयुष्यात बहुतेकदा कुणीतरी एक भरवशाचं मोठं माणूस होतं, आजी म्हणा, शेजारी म्हणा, शिक्षक म्हणा.

अजून एक, मूल 'मी नसतो तर बरं' असं काही बोललं तर विषय बदलू नका, सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने डोक्यात भलतं येतं ही भीती आहे सगळ्यांना, पण तसं होत नाही. हो म्हणालं तर एकटं सोडायचं नाही, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन द्यायचं नाही, घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे न्यायचं.

तुम्हाला एकच विनंती, निकालाच्या दिवशी टॉपर्सचे फोटो खुशाल छापा, पण त्याच पानावर हेल्पलाइनचा नंबरही छापा, आतल्या पानात बारीक अक्षरात नको.

एक शिक्षिका